संत जॉन बॉस्को : अनाथ मुलांचे कैवारी

एखादें मूल वाईट मार्गास लागलें म्हणजे त्यास शिक्षा करावयास लोक तत्काळ पुढें येतात. पण तें त्या मार्गास लागण्यापूर्वीं त्याचा हात धरणारा विरळा. असे एक सत्पुरुष एकोणिसाव्या शतकांत इटली देशांत होऊन गेले. त्यांचें चरित्र आम्हां सोलापूरकरांस विशेष बोधप्रद वाटेल.

जॉन बॉस्को यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजीं पीडमाँट प्रांतांतील बेक्की या खेड्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच त्यांचें पितृछत्र हरपलें. आई मार्गारिता निरक्षर होती. परंतु तिनें मुलास ईश्वराचें भय व कष्टाची गोडी लावली. शेतांत राबून, शिंप्याकडे व लोहाराकडे काम करून त्यांनीं विद्या संपादिली व 5 जून 1841 रोजीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

त्यानंतर तुरीन शहरीं आपले गुरु फादर जोसेफ काफास्सो यांजबरोबर ते तुरुंगांत जाऊं लागले. तेथें बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, बुद्धिमान मुलें कुजत पडलेलीं पाहून त्यांचें अंतःकरण विदीर्ण झालें. सुटलेलीं मुलें पुन्हा तेथेंच परत येत; कारण बाहेर त्यांस आपलें म्हणणारें कोणी नसे. दोष मुलांच्या रक्तांत नसून त्यांच्या निराधारपणांत आहे, हें त्यांनीं ओळखलें.

8 डिसेंबर 1841 रोजीं, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशीं, ते मिस्सेची तयारी करीत होते. मिस्सेची सेवा येत नाहीं म्हणून देवळाच्या सेवकानें एका पोरक्या गवंडी मुलास मारून हांकलून दिलें. फादरांनीं त्यास परत बोलाविलें व मिस्सेनंतर गोडीनें त्याची विचारपूस केली. लिहितां येत नाहीं, गातां येत नाहीं, असें ऐकल्यावर त्यांनीं शीळ तरी घालतां येते काय असें विचारलें, तेव्हां मुलगा हंसला. बार्तोलोमियो गारेल्ली हें त्याचें नांव. त्याच दिवशीं त्यास धर्मज्ञानाचा पहिला धडा मिळाला व एवढ्यावरूनच मोठें कार्य उभें राहिलें.

1846 सालीं ईस्टरच्या दिवशीं वाल्दोक्को येथें एका पडवीवजा जागेंत या मुलांस स्थिर आसरा मिळाला. वृद्ध मार्गारिता गांवचें घर सोडून त्या पोरक्यांची आई झाली. रात्रीच्या शाळा चालल्या. 1853 पासून चांभारकाम व शिवणकाम, पुढें बुकबांधणी, सुतारकाम व छपाई सुरू झाली. शिकाऊ मुलास मारूं नये, त्याजकडून त्याच्या धंद्याखेरीज दुसरें काम घेऊं नये, असे लेखी करार फादर मालकांकडून करून घेत. 1857 सालीं कार्माञोला स्टेशनावर मिकेले मागोने नांवाचा उनाड पोरांचा म्होरक्या त्यांस भेटला. त्यास त्यांनीं वाल्दोक्कोस आणून शाळेंत घातलें. तो इतका सुधारला कीं, 1859 सालीं तो वारल्यावर फादरांनीं त्याचें चरित्र लिहिलें.

1877 सालीं त्यांनीं आपली शिक्षणपद्धति लिहून काढली. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. शिक्षकानें खेळांतहि मुलांमध्यें असावें, म्हणजे अपराधास संधीच राहत नाहीं व शिक्षेची वेळ सहसा येत नाहीं, हें तिचें मर्म.

त्याच सुमारास, 1871 सालीं, इंग्रज सरकारनें आपल्या देशांत कांहीं जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. पुढें सोलापुरांतहि कैकाडी, पारधी इत्यादि लोकांची वसाहत तारेच्या कुंपणाआड झाली; तिलाच सेटलमेंट म्हणत. मोठीं माणसें हजेरी देऊन गिरणींत जात, मुलांस शाळेंत जावें लागे. शाळा दोहींकडे होती. परंतु वाल्दोक्कोंत मुलगा पुत्र म्हणून शाळेंत बसे, येथें संशयित म्हणून. 1952 सालीं तो कायदा देशभर रद्द होऊन ते लोक विमुक्त झाले. पण मनांतील कुंपण सर्वत्र निघालें आहे, असें म्हणवत नाहीं.

31 जानेवारी 1888 रोजीं फादर बॉस्को प्रभूपाशीं गेले. 1 एप्रिल 1934 रोजीं, ईस्टरच्याच दिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचे सालेशियन बंधु 1906 सालीं भारतांत आले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या आळींत शाळा सोडून हिंडणारा एखादा मुलगा असेल, तर त्याची जात विचारण्याऐवजीं त्याचें नांव विचारावें, त्यास सायंकाळीं आपल्या मुलांबरोबर अभ्यासास बसवावें. प्रभूच्या वेदीवर ठेवण्यास याहून योग्य भेट कोणती?