दिनकर केळकर : मोडीत निघालेला संसार वाचवणारा संग्राहक

गोमती नगर (लखनौ) : नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या कपाटात आजीची पैठणी, पणजीचा अडकित्ता किंवा देवघरातील पितळी समई बहुधा सापडतेच. चिकनकारीच्या या शहरातील गोमती नगरसारख्या नव्या वसाहतींतील घरेही त्याला अपवाद नाहीत. घर बदलताना अशा वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडतो. वापरात नाहीत म्हणून त्या द्याव्यात, किंमत येते म्हणून विकाव्यात, की अर्थ आहे म्हणून जपाव्यात? पुण्यातील चष्म्यांचे एक व्यावसायिक आणि कवी दिनकर गंगाधर केळकर यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आयुष्याची सुमारे सात दशके घालवली. त्यांच्या हयातीत उभे राहिलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय आज देशातील दैनंदिन जीवनविषयक वस्तूंच्या महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक मानले जाते.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. उपजीविकेचे साधन चष्म्यांचा व्यवसाय आणि मनाचा ओढा कवितेकडे, असे त्यांचे तरुणपण होते. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत. मराठ्यांच्या इतिहासाचे वेड त्या काळच्या पुण्यात घरोघरी होते. इतिहास संशोधक दप्तरे आणि बखरी धुंडाळत होते. केळकरांना मात्र कागदापेक्षा वस्तू अधिक बोलकी वाटली. ज्या दिव्याच्या उजेडात दप्तर लिहिले गेले तो दिवा कसा होता, ज्या दौतीतली शाई वापरली गेली ती दौत कशी होती, असे प्रश्न त्यांच्या संग्रहामागे उभे आहेत.

१९२० च्या सुमारास हा संग्रह सुरू झाला. काळही तसाच होता. पेशवाई जाऊन शतक उलटले होते. सरदार-इनामदारांचे वाडे उभे होते, पण त्यांचे उत्पन्न आटत चालले होते. पुढे १९४८ चा कुळवहिवाट कायदा आणि त्यानंतरचे इनाम निर्मूलनाचे कायदे यांमुळे जमिनीवर जगणाऱ्या अनेक घराण्यांचा आधार संपला. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्याय होता. मात्र त्याच वेळी वाड्यांच्या माळ्यांवरील संसार बाहेर पडू लागला. विजेने समई आणि लामणदिव्याला निवृत्त केले. आधी ॲल्युमिनियमने आणि नंतर स्टीलने तांब्या-पितळेला हटवले. तयार कुलपे आली आणि लोहाराने घडवलेली, चोरखणांची, कळींची कुलपे अडगळीत गेली. एका जीवनपद्धतीचा असा निरोप सुरू असताना केळकर तिच्या वस्तू गोळा करीत गावोगाव फिरत राहिले. महाराष्ट्रापुरते ते थांबले नाहीत. गुजरात, राजस्थान, कर्नाटक आणि तमिळनाडूतील वस्तूही त्यांच्या संग्रहात आल्या.

संग्राहकाची ओळख त्याने काय घेतले यावरून होते, तशीच काय कमी लेखले नाही यावरूनही होते. शस्त्रे, मूर्ती आणि चित्रे यांना त्या काळीही मागणी होती, आणि तीही केळकरांनी मिळवली. पण त्यांचा संग्रह वेगळा ठरला तो अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासण्याच्या वज्र्या, शेवया करण्याची यंत्रे, पाळणे, खेळणी, वाद्ये, दौती आणि कोरीव दरवाजे यांमुळे. सुपारी कातरायला साधी दोन पाती पुरतात. तरीही कोणा कारागिराने अडकित्त्याला माणसाचा किंवा पशुपक्ष्याचा आकार दिला. टाच घासायच्या वजरीवर पक्षी बसवला. गरज भागल्यावरही हात थांबला नाही, हा या वस्तूंचा समान धागा आहे आणि केळकरांची नजर नेमकी तेथे होती.

अशा संग्राहकाची खरी स्पर्धा मोडीच्या व्यापाराशी असते. जुनी समई बाजारात वजनावर जाई. तिची घडण कितीही सुबक असली तरी भाव पितळेचा. भट्टीत गेलेली वस्तू परत येत नाही. वस्त्रांची गत तर आणखी बिकट होती. जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. वस्त्र विरले की ते जाळून चांदी काढून घेण्याचा व्यवसाय होता. दारोदार फिरणाऱ्या बोहारणी जुने कपडे घेऊन भांडी देत, आणि त्या गाठोड्यांत जरीची लुगडीही जात. एखादे नवे पातेले घरात येई आणि महिनोन्‌महिने मागावर घडलेला पदर भट्टीत जाई. घरातल्यांना यात गैर वाटण्याचे कारण नव्हते. फाटलेले वस्त्र ठेवून करायचे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्त होता. म्हणूनच जुनी वस्त्रे धातूच्या वस्तूंच्या तुलनेत फार कमी उरली. केळकर संग्रहालयातील वस्त्रदालनाचे मोल या पार्श्वभूमीवर समजते.

पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या विणीत आहे. पदरावरील मोर, पोपट, कमळ किंवा असावलीची वेल भरतकामाने काढलेली नसते. प्रत्येक रंगाचा बाणा त्या रंगाच्या जागेपुरताच नेला जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवून मागे फिरवला जातो. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पैठण आणि येवला ही या कलेची केंद्रे आहेत आणि २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

हीच मूळ कल्पना हजारो मैलांवर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नावाहो समाजाच्या घोंगड्यांत दिसते. तेथे रेशमाऐवजी लोकर, आडव्या मागाऐवजी उभा माग, आणि विणणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. पण रंगाच्या जागेपुरता बाणा फिरवण्याची रीत तीच आणि दोन्ही बाजूंची सारखी नक्षीही तीच. जुन्या नावाहो घोंगड्या आज संग्राहकांच्या जगात अत्यंत मोलाच्या समजल्या जातात. त्यांचा इतिहास मात्र वेदनेचा आहे. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहोंचे कळप आणि शेते उद्ध्वस्त करून त्यांना शेकडो मैल चालवत बोस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. १८६८ च्या तहानंतर ते मायदेशी परतले. मग व्यापारी आले, रेल्वे आली आणि अंगावर पांघरण्याच्या घोंगडीचा हळूहळू परक्यांच्या दिवाणखान्यातील गालिचा झाला. जॉन लोरेंझो हबेल यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ग्राहकांच्या पसंतीची नक्षी मागवली. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यासारख्या धनाढ्यांनी मोठे संग्रह केले. त्या जुन्या घोंगड्यांपैकी बहुतेकींच्या विणकरणीचे नाव कोणीही नोंदवलेले नाही. संग्राहकाचे नाव राहिले, विणणारीचे गेले.

या तुलनेत केळकरांचे वेगळेपण उठून दिसते आणि त्यांच्या कार्याची मर्यादाही. हर्स्ट यांच्यापाशी अमाप संपत्ती होती. केळकरांपाशी एक दुकान होते. परकी नजर वस्तूत अपूर्वाई शोधते. केळकर आपल्याच समाजाचे कालपर्यंतचे घर जपत होते. पण विकणाऱ्याची अडचण येथेही होती आणि घडवणाऱ्याचे नाव येथेही बहुधा हरवलेले होते. ज्या तांबटाने समई घडवली, ज्या सुताराने दरवाजा कोरला, ज्या विणकराने पदर भरला, त्यांची नावे वस्तूंवर नाहीत. वाचले ते त्यांचे काम. ते नष्ट होण्यापेक्षा हे निश्चितच मोठे आहे, आणि तरीही अपुरे आहे.

या उद्योगाची किंमत घराने मोजली. दुकानाची कमाई वस्तूंवर खर्च होत असे. पत्नी कमलाबाईंनी संग्रहासाठी आपले दागिनेही दिले, असे केळकरांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. स्त्रीधन ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातील शेवटची पुंजी असे. ती जुन्या दिव्यांसाठी आणि कुलपांसाठी मोडायला देणे ही साधी गोष्ट नव्हती. राहत्या घराच्या खोल्या वस्तूंनी भरत गेल्या आणि माणसांना त्यांच्यामधून वाट काढावी लागली. कमलाबाईंना या संग्रहाच्या सहनिर्मात्या म्हणणेच योग्य ठरेल.

याच घरावर मोठा आघात झाला. या दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच दगावला. संग्रहाला पुढे त्याचे नाव देण्यात आले. राजा हे नाव वाचून अनेक पर्यटक हे संग्रहालय एखाद्या संस्थानिकाचे असावे असे समजतात. वस्तुतः ते एका लहान मुलाचे नाव आहे. ज्याला घराचा वारसा मिळायचा तो गेला, तेव्हा आईवडिलांनी वारसाच सर्वांचा करून टाकला.

१९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५ हजारांवर गेली. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील या वास्तूत आज २० हजारांहून अधिक वस्तू असून जागेअभावी त्यांपैकी सुमारे अडीच हजारच प्रदर्शित आहेत. यातील मस्तानी महाल विशेष प्रसिद्ध आहे. पहिल्या बाजीरावाने १७३४ च्या सुमारास कोथरूड येथे मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून ते दालन येथे पुन्हा उभारण्यात आले. ज्या स्त्रीला पेशव्यांच्या घराने मनापासून स्वीकारले नाही, तिच्या महालाला एका सामान्य नागरिकाच्या घराने जागा दिली.

१९७५ मध्ये केळकरांनी हा संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. तोपर्यंत जुन्या वस्तूंना देश-विदेशात चांगली किंमत येऊ लागली होती. एकेक वस्तू विकून श्रीमंत होणे त्यांना शक्य होते. पण संग्रह अखंड राहावा आणि पुण्यातच राहावा, ही निवड त्यांनी केली. संग्रह फुटला की त्यातील वस्तू उरतात, पण त्यांच्यातील नाते संपते. पन्नास अडकित्ते एकत्र असले की एका समाजाची हौस, ऐपत आणि कारागिरी कळते; तेच पन्नास घरांत विखुरले की शोभेच्या वस्तू होतात. पुणे विद्यापीठाने १९७८ मध्ये केळकरांना डी. लिट. पदवीने गौरवले आणि १९८० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री प्रदान केली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लखनौला अशा संग्राहक वृत्तीचा मराठी वारसा अपरिचित नाही. व्यवसायाने वकील असलेल्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत बद्ध केल्या आणि १९२६ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या मॅरिस संगीत महाविद्यालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. एकाने गळ्यातील धन कागदावर आणले, दुसऱ्याने माळ्यावरील धन दालनात आणले. दोघांनाही उमगले होते की एका घरापुरते राहिलेले ज्ञान किंवा वस्तू त्या घराबरोबरच संपण्याचा धोका असतो.

प्रत्येकाने संग्रहालय उभारावे, असा केळकरांच्या जीवनाचा अर्थ नाही. घरातील जुनी पैठणी किंवा चिकनचा अंगरखा जपायला फार खर्च लागत नाही. ती मऊ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. उन्हापासून दूर ठेवावी आणि वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी, म्हणजे त्याच रेषेवर जर तुटत नाही. त्याहून महत्त्वाचे काम तर विनामूल्य आहे. ते वस्त्र कोणाचे, कोठून घेतलेले, कोणाच्या लग्नातले, आणि ठाऊक असल्यास कोणी विणलेले, हे एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावे. केळकरांनी वाचवलेल्या हजारो वस्तूंना जे बहुधा मिळाले नाही, ते घडवणाऱ्याचे नाव आजच्या घरांना अजूनही लिहून ठेवता येते.