बो ब्रमेल

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं वरच्या वर्गांतून गणित व भूगोल हे विषय मागें पडतात आणि कोट, बूट व केसांचे भांग यांची चर्चा पुढें येते. घरोघर नव्या कपड्यांसाठीं आईबापांपाशीं हट्ट चालतात तें निराळेंच. अशा वेळीं, ज्या मुलानें शाळेंत असतांनाच पोशाखाच्या जोरावर नांव मिळविलें व पुढें आपल्या देशांतील पुरुषांचा वेषच पालटून टाकला, त्याचें चरित्र वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं.

जॉर्ज ब्रायन ब्रमेल याचा जन्म ता. ७ जून १७७८ रोजीं लंडन शहरीं झाला. त्याचे आजोबा बिऱ्हाडकरूंना खोल्या भाड्यानें देत असत असें सांगतात; परंतु वडील हुशार व कामसू असल्यामुळें मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खाजगी चिटणीस झाले. घराणें मोठें नव्हतें ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या सरदार-उमरावांनीं पुढें कपडे कसे घालावे हें त्याच्यापासून शिकून घेतलें, त्यांना दाखविण्यास त्याच्यापाशीं पदवी नव्हती व जमीनजुमलाही नव्हता.

१७८६ च्या सुमारास त्याला थोरल्या भावाबरोबर ईटन येथील विद्यालयांत घातलें. थेम्स नदीच्या कांठीं, विंडसरच्या राजवाड्यासमोर वसलेली ही शाळा सहाव्या हेन्री राजांनीं १४४० सालीं स्थापन केली. ब्रमेलच्या वेळीं तिचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे ‘माँटेम’ होय. दर तीन वर्षांनीं एकदां सारे विद्यार्थी वाजतगाजत जवळच्या सॉल्ट हिल, म्हणजे मिठाच्या टेकडीवर, जात. पुष्कळ मुलें तांबड्या कोटांत, लष्करी थाटानें चालत. निवडक कांहीं जण मात्र चित्रविचित्र रंगांचे भरजरी वेष करून रस्त्यांवर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ‘मीठ’ या नांवाखालीं पैसे उकळीत. गाडी कोणाचीही असो, ती अडविली जाई. तिसरे जॉर्ज राजे स्वतः येऊन या मिठाचा पैसा देत, मग इतरांची काय कथा! जमलेली रक्कम शाळेंतील मुख्य विद्यार्थ्यास केंब्रिजच्या शिक्षणासाठीं मिळे. परंतु त्याच दिवशींच्या मेजवान्यांचा खर्चही तींतूनच भागवावा लागत असल्यामुळें पुष्कळसें मीठ वाटेंतच विरघळून जाई. पुढें आगगाडी सुरू झाली, लंडनचा जमाव उत्सवास लोटूं लागला व धांगडधिंगा वाढला. १८४४ चा माँटेम शेवटचा ठरला; १८४७ सालीं शाळेच्या चालकांनीं ही चाल बंद केली.

सारी शाळा रंगीत वेषांच्या मागें लागलेली असतां ब्रमेलचें लक्ष मात्र आपल्या गळ्याभोंवतींच्या पांढऱ्या पट्टीकडे होतें. तिला त्यानें सोन्याचा एक लहानसा बकल लावला, एवढेंच. पण तेवढ्यानें मुलें त्याला ‘बक ब्रमेल’, म्हणजे छानछोकीवाला, असें म्हणूं लागलीं. तो नुसता कपड्यांचा शौकी नव्हता. एकदां शाळेच्या मुलांनीं चिडून एका नावाड्याला पुलावरून नदींत फेंकण्याचा घाट घातला. त्या वेळीं ब्रमेलनें गंभीरपणें मुलांच्या निदर्शनास आणलें कीं हा मनुष्य घामानें निथळत आहे, आतां पाण्यांत पडल्यास त्याला खास पडसें होईल. मुलांना हसूं कोसळलें आणि नावाडी सुटला, अशी आख्यायिका आहे. रागावलेल्या घोळक्यास उपदेश न करतां हसवून परतविणें हें थोरामोठ्यांनाही साधत नाहीं.

ऑक्सफर्डला तो थोडे दिवस राहिला. १७९४ मध्यें वडील वारले व त्याच वर्षीं युवराजांच्या खास घोडदळांत त्याला जागा मिळाली. युवराजांची मर्जी बसल्यामुळें दोन वर्षांतच तो कप्तान झाला; पण पलटणीची बदली मँचेस्टरला होतांच त्यानें नोकरी सोडली. वयांत आल्यावर वडिलांची इस्टेट हातीं आली आणि त्यानें लंडनमध्यें चेस्टरफील्ड स्ट्रीटवर बिऱ्हाड थाटलें.

त्या काळच्या श्रीमंत पुरुषांचा वेष आज पाहिला तर नाटकांतील वाटेल. रेशमी कोट, त्यांवर भरतकाम, अंगावर उग्र अत्तरें आणि केसांवर पिठाची पांढरी पूड! १७९५ सालीं सरकारनें या पुडीवर वर्षास एक गिनीचा कर बसविला, तेव्हां ती मागें पडूं लागली. ब्रमेलनें केस आंखूड ठेवले, अत्तर टाकलें, आणि निळा लोकरी कोट, फिकट पिंवळसर जाकीट, लांब विजार व खळ दिलेला शुभ्र क्रॅव्हॅट, म्हणजे गळ्याभोंवतीं गुंडाळण्याचा रुमाल, एवढाच पोशाख पत्करला. त्याबरोबर रोजचें स्नान, रोजची दाढी व रोज परटाकडून आलेला स्वच्छ सदरा. रोजचें स्नान आपणांस नवें नाहीं; त्या वेळच्या लंडनला तें नवल होतें. रस्त्यांत लोक वळून पाहूं लागले तर आपला पोशाख कोठें तरी बिघडला असें समजावें, हें त्याचें मत असल्याचें सांगतात. आजचा कोट-पाटलोणीचा साधा वेष बव्हंशीं त्यानें घालून दिलेल्या वळणावर गेलेला आहे.

हें वाचून आईबापांनीं मात्र हुरळून जाऊं नये. हा साधेपणा दिसण्यांत साधा होता, पैशांत नव्हे. उत्तम शिंपी, उत्तम कापड आणि परटाचें न संपणारें बिल! क्रॅव्हॅट एका झटक्यांत मनासारखा बसला नाहीं तर तो तसाच टाकून दुसरा घ्यावयाचा. सकाळीं त्याचा नोकर चुरगळलेल्या रुमालांचा ढीग घेऊन जिना उतरतांना पाहुण्यांना दिसे. खुद्द युवराज त्याचा शृंगार पाहण्यास येऊन बसत. तरीही त्याला बुडविलें तें कपड्यांनीं नव्हे. तें काम जुगारानें केलें.

१८१३ च्या एका नाचाच्या समारंभांत युवराजांनीं त्याच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखें केलें. त्यावर ब्रमेलनें त्यांच्या सोबत्याला सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत विचारलें कीं आपले हे लठ्ठ मित्र कोण बरें? नावाड्यास वाचविणारी जीभ या वेळीं धन्यास घायाळ करून गेली. युवराजांची मर्जी गेली. तिच्या आधारावर उभी असलेली पतही पुढें टिकली नाहीं. ता. १६ मे १८१६ च्या रात्रीं तो सावकारांना चुकवून निघाला तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले गांवीं जाऊन राहिला. लंडनमध्यें त्याच्या सामानाचा लिलांव झाला. १८२१ सालीं त्याचे जुने मित्र चौथे जॉर्ज राजे होऊन त्याच गांवावरून गेले. त्यांनीं त्याची भेट घेतली नाहीं.

१८३० मध्यें कांहीं स्नेह्यांनीं खटपट करून त्याला कां शहरीं इंग्रज वकिलाची जागा मिळवून दिली. या जागेची येथें कांहींच गरज नाहीं असें त्यानें स्वतःच वरिष्ठांना लिहून कळविलें. याहून बरी जागा मिळेल अशी त्याची आशा होती. सरकारनें त्याचें म्हणणें मानलें, १८३२ सालीं जागा मोडली, आणि दुसरी कांहीं दिली नाहीं. परटाचें बिल भागेना म्हणून त्यानें पांढरा क्रॅव्हॅट सोडून काळा रुमाल बांधला. त्याच्या चरित्रांतील ही गोष्ट मला तुरुंगवासाहूनही अधिक करुण वाटते. तुरुंगही पुढें चुकला नाहीं. १८३५ मध्यें कर्जापायीं त्याला कैद झाली व इंग्लंडांतील मित्रांनीं वर्गणी काढून त्याला सोडविलें.

शेवटीं बुद्धीस भ्रम झाला. कित्येक संध्याकाळीं तो आपल्या खोलींत मेणबत्त्या लावावयास सांगे. नोकर दार उघडून लंडनच्या एकेका सरदार-सरदारणीचें नांव पुकारी, आणि म्हातारा ब्रमेल उठून, लवून, रिकाम्या खुर्चीकडे हात करून त्यांना बसवी. त्यांतील कित्येक पाहुणीं कधींच मरून गेलेलीं होतीं. थोड्या वेळानें भान येई, मग तो खुर्चींत कोसळून रडूं लागे. ता. ३० मार्च १८४० रोजीं कां येथील वेड्यांच्या रुग्णालयांत तो वारला.

२००२ सालीं लंडनमध्यें जर्मिन स्ट्रीटवर, जेथें सदरे शिवणाऱ्यांचीं जुनीं दुकानें आहेत तेथें, त्याचा पुतळा उभारला गेला. तो ब्राँझचा असल्यामुळें गळ्यांतील क्रॅव्हॅटची घडी मोडत नाहीं व परटासही बोलवावें लागत नाहीं.