घड्याळाशी शर्यत लावणारे डॉक्टर

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रेड बँक या लहानशा गावात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून डॉ. जॉर्ज शीहन यांचा चांगला जम बसला होता. घरी बारा मुलांचा संसार होता. ५ नोव्हेंबर १९१८ रोजी ब्रुकलिनमध्ये जन्मलेले शीहन चौदा भावंडांत थोरले. मॅनहॅटन कॉलेजात असताना ते धावपटू म्हणून चमकले होते. पण वैद्यकीय शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा आणि पुढे वाढता व्यवसाय यांत धावणे सुटले ते सुटलेच.

पंचेचाळिशीत ते पुन्हा सुरू झाले, तेही घराच्या परसात. तिथे २६ फेऱ्या मारल्या की एक मैल पुरा होई. पुढे दुपारच्या जेवणाच्या सुटीत ते नदीकाठच्या रस्त्यावर धावू लागले. साठच्या दशकात मोठ्या वयाचा, प्रतिष्ठित गृहस्थ अर्ध्या चड्डीत रस्त्याने पळताना दिसणे ही नवलाचीच गोष्ट होती. प्रकृतीसाठी फेरफटका मारून समाधान मानणे शीहन यांच्या स्वभावात नव्हते. त्यांना शर्यत हवी होती आणि शर्यतीत आपली स्वतःची वेळ सुधारायची होती.

१९६९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी एक मैल ४ मिनिटे ४७ सेकंदांत पार केला. पन्नास वर्षांच्या माणसाने पाच मिनिटांच्या आत मैल धावण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे पाव मैलाची प्रत्येक फेरी सरासरी ७२ सेकंदांच्या आत. जिम रायन या तरुणाचा तेव्हाचा विश्वविक्रम ३ मिनिटे ५१.१ सेकंदांचा होता. त्याच्याशी तुलना केली तर शीहन जवळपास एक मिनिट मागे. परंतु ही तुलनाच गैरलागू होती. पंचेचाळिशीत परसात धापा टाकणारा माणूस आणि पन्नाशीतला हा धावपटू यांच्यातले अंतर हाच त्यांचा खरा विक्रम.

मॅरेथॉनमधील त्यांची सर्वोत्तम वेळ त्याहूनही उशिरा आली. ४२ किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी ३ तास १ मिनिटात कापले तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. वयाबरोबर वेग लवकर ओसरतो. दमसास मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने बराच काळ टिकवता येतो. तरीही तीन तासांच्या आतली मॅरेथॉन त्यांना अखेरपर्यंत साधली नाही. एवढ्याशा मिनिटाची ही हुलकावणी मनाला चटका लावून जाते.

स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी १९६८ पासून सुमारे पंचवीस वर्षे साप्ताहिक सदर लिहिले. फ्रँक शॉर्टर याने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे सुवर्ण जिंकले आणि अमेरिकेत धावण्याची लाट उसळली. १९७८ मध्ये आलेले शीहन यांचे ‘रनिंग अँड बीइंग’ हे पुस्तक त्या लाटेत हातोहात खपले. धावण्यातून माणूस स्वतःला कसा ओळखतो, हा त्याचा विषय. स्नायू आणि नाडीचे ठोके यांबरोबरच तत्त्वचिंतनालाही त्यात जागा होती.

१९८६ मध्ये त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तो हाडांपर्यंत पोहोचला होता. तरीही शर्यती थांबल्या नाहीत. पूर्वीचे आकडे आता आवाक्याबाहेर गेले होते. त्या त्या दिवशी शरीर जेवढे देईल तेवढे पुरते काढून घेणे एवढेच लक्ष्य उरले. धावणे थांबल्यावर मृत्यूकडे जाणाऱ्या या प्रवासाविषयी त्यांनी लिहायला घेतले. १ नोव्हेंबर १९९३ रोजी ते गेले, तेव्हा पंच्याहत्तरी पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. ‘गोइंग द डिस्टन्स’ हे ते अखेरचे लेखन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.