चार अक्षरांची इसाबेल

कंपनीच्या प्रशिक्षण शिबिरात मनुष्यबळ विभागाने दिलेली प्रश्नावली भरली, की ‘आयएनटीजे’ किंवा ‘ईएसएफपी’ अशी चार अक्षरे हाती पडतात. पुढे ‘तो इंट्रोव्हर्ट आहे, त्याला टीम लीडर नको’ असे निवाडेही त्यांच्या आधारे होऊ लागतात. ही प्रश्नावली ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’ म्हणजेच ‘एमबीटीआय’ या नावाने जगभर ओळखली जाते. ती घडवणाऱ्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

इसाबेल यांचा जन्म 18 ऑक्टोबर 1897 रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. वडील लायमन ब्रिग्ज भौतिकशास्त्रज्ञ होते. आई कॅथरीन यांनी लेकीला बहुतांश घरीच शिकवले. 1918 मध्ये इसाबेल यांनी क्लॅरेन्स मायर्स यांच्याशी लग्न केले आणि पुढच्याच वर्षी स्वार्थमोर कॉलेजमधून राज्यशास्त्राची पदवी घेतली. क्लॅरेन्स पेशाने वकील, तर्काने चालणारे आणि तपशिलात रमणारे होते. ब्रिग्ज घराण्याचा स्वभाव याहून अगदी निराळा. होणाऱ्या जावयाला समजून घेता घेता कॅथरीन यांना माणसांच्या स्वभावांची वर्गवारी करण्याचा छंदच लागला. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ 1923 मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा आपले काम त्यांनी आधीच करून ठेवल्याचे कॅथरीन यांना वाटले. त्यांनी स्वतःची मांडणी बाजूला ठेवली आणि युंग यांच्या ग्रंथाचा अभ्यास सुरू केला.

इसाबेल तेव्हा संसार आणि दोन मुले सांभाळत लिखाण करत होत्या. त्यांच्या पहिल्याच रहस्यकादंबरीला एका स्पर्धेत 7,500 डॉलरचे बक्षीस मिळाले आणि ती पुस्तकरूपाने आली.

त्यांची वाट बदलली ती दुसऱ्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेले आणि पूर्वी कधी नोकरी न केलेल्या असंख्य स्त्रिया कारखान्यांत व कार्यालयांत रुजू झाल्या. कुणाला कोणते काम मानवेल, हे ओळखण्याचे साधन हवे होते. इसाबेल यांनी फिलाडेल्फियातील एका बँकेचे कर्मचारी विभागप्रमुख एडवर्ड हे यांच्या हाताखाली प्रश्न कसे बांधायचे, गुण कसे मोजायचे, आकडेमोड कशी करायची हे शिकून घेतले. 1943 मध्ये प्रश्नावलीचा पहिला आराखडा तयार झाला.

तिची रचना साधी होती. माणसांत मिसळून हुरूप येतो की एकांतात, भिस्त समोरच्या तपशिलावर असते की त्यामागच्या शक्यतांवर, निर्णय तर्काने होतो की माणसांच्या भावना जपून, कामे आधी आखून उरकायला आवडतात की पर्याय खुले ठेवायला, अशा चार जोड्या आणि त्यांतून 16 प्रकार. यातली चौथी जोडी मायलेकींनी युंग यांच्या मांडणीतून स्वतंत्रपणे पुढे आणली. कोणतेही उत्तर बरोबर किंवा चूक नसते आणि कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस नसतो, यावर इसाबेल ठाम होत्या. म्हणूनच त्यांनी नावात ‘टेस्ट’ हा शब्द टाळून ‘इंडिकेटर’, म्हणजे दिशा दाखवणारा, हा शब्द घेतला.

1950 च्या दशकात त्यांनी 45 वैद्यकीय महाविद्यालयांतील 5 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. पुढे त्यांतील कोण कोणत्या शाखेचा डॉक्टर झाला, याचाही मागोवा घेतला. या चिकाटीमुळे टोफेल-जीआरई घेणाऱ्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ने लक्ष घातले आणि 1962 मध्ये संशोधनाच्या वापरापुरती ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. पण त्याच संस्थेतील संशोधकांनी तिचे आकडे तपासून गंभीर शंका उपस्थित केल्या. 1975 मध्ये प्रश्नावली दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि त्यानंतर तिचा झपाट्याने प्रसार झाला.

शंकांचा गाभा समजायला सोपा आहे. माणसांची उंची मोजली, तर बहुतेक जण सरासरीच्या आसपास सापडतात, फार उंच आणि फार बुटके थोडेच. स्वभावाचेही तसेच असते. एमबीटीआय मात्र मधोमध रेघ मारून अलीकडच्याला अंतर्मुख आणि पलीकडच्याला बहिर्मुख ठरवते. रेघेजवळच्या दोघांत फरक नाममात्र असला, तरी त्यांची अक्षरे वेगळी येतात. त्यामुळेच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तर अनेकांचे किमान एखादे अक्षर बदलते. मग त्याच्या जोरावर नोकरी किंवा बढती ठरवायची कशी?

आजचे संशोधक पेट्या करण्याऐवजी मोजपट्टी वापरतात. नव्या अनुभवांबाबतचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य, या पाच गुणांपैकी प्रत्येक गुण माणसात किती आहे, हे ती सांगते. निरनिराळ्या व्यवसायांत कामगिरीशी सर्वांत सातत्याने जुळणारा गुण आहे कर्तव्यदक्षता, आणि तोही कामगिरीतील फरकाचा थोडाच भाग उलगडतो. बहिर्मुख माणसे नेता म्हणून लवकर पुढे येतात हे खरे. पण सहकारी स्वतःहून पुढाकार घेणारे असतील, तर ऐकून घेणारा शांत प्रमुख अधिक चांगले काम करून घेऊ शकतो, असेही दिसून आले आहे.

इसाबेल 5 मे 1980 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी गेल्या. मुलगा पीटर याच्या साथीने लिहिलेले त्यांचे पुस्तक त्याच वर्षी आले. त्यांचे मोजमाप सदोष निघाले, तरी सहकारी आपल्यापेक्षा वेगळा वागतो म्हणजे चुकीचा वागतो असे नाही, हा त्यांचा आग्रह कोणत्याही कार्यालयात उपयोगी पडणारा आहे. कर्मचारी निवडण्यासाठी एमबीटीआय वापरू नये, असे ती चालवणाऱ्या संस्थाही बजावतात. आपली चार अक्षरे गप्पांना सुरुवात करून द्यायला चांगली. पण त्यांच्यावरून कुणी आपली पात्रता ठरवत असेल, तर त्याला आधार विचारायला हवा.