नावात चूक, तर औषधात चूक

ख्वारिझममध्ये एक ग्रीक गृहस्थ येऊन राहिले होते. तिथला एक मुलगा दाणे, बिया, फळे, पाने असे काहीबाही घेऊन त्यांच्याकडे जाई. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, असे विचारी आणि सांगितलेले नाव लिहून ठेवी. हाच मुलगा पुढे अल-बिरुनी म्हणून जगाला माहीत झाला.

अबू रैहान अल-बिरुनी यांचा जन्म ९७३ मधला, आजच्या उझबेकिस्तानातला. खगोल, गणित, भूगोल या विषयांत त्यांनी मोठे काम केले. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि त्यांना गझनीला नेले. तिथून त्यांचा हिंदुस्थानशी संबंध आला. ते संस्कृत शिकले, पंडितांकडून शास्त्रे समजून घेतली आणि १०३० च्या सुमारास भारतावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी इथे किती नासधूस झाली, हेही त्यांनी त्यात लपवले नाही.

अखेरच्या दिवसांत त्यांनी हाती घेतलेले काम मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. वयाची ऐंशी उलटलेली, दृष्टी अधू झालेली, ऐकू कमी येत असे. अशा अवस्थेत एका वैद्याच्या मदतीने त्यांनी औषधांवरचा ग्रंथ लिहायला घेतला, ‘किताबुस सैदना’. सैदना म्हणजे औषधे ओळखण्याची आणि तयार करण्याची विद्या. या शब्दाचे मूळ त्यांनी चक्क आपल्या चंदनात शोधले!

त्यांना चिंता होती ती नावांची. एकाच वनस्पतीला अरबीत एक नाव, फारसीत दुसरे, ग्रीक, सुरयानी आणि हिंदुस्थानी भाषांत आणखी वेगळी. त्यात अरबी लिपीत ब, त, न ही अक्षरे केवळ नुक्त्यांवरून ओळखायची. नक्कल करणाऱ्याचा एक नुक्ता चुकला की औषध बदलले. ‘ध’चा ‘मा’ झाल्यावर काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून त्यांनी औषधे अक्षरक्रमाने लावली आणि प्रत्येकाची निरनिराळ्या भाषांतली नावे, ओळखण्याच्या खुणा, मिळण्याची ठिकाणे नोंदवली.

औषध देणाऱ्याचे कामही त्यांनी नेमके सांगितले. उत्तम द्रव्य निवडावे आणि जाणत्या वैद्यांनी सांगितलेल्या रीतीनेच औषध बनवावे. एखादे द्रव्य मिळाले नाही तर काय वगळता येईल, त्याच्याऐवजी काय चालेल, हे त्याला कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक द्रव्याचा गुण ठाऊक हवा. अन्न आणि विष यांच्या मधली जागा त्यांनी औषधाला दिली. जाणत्या हाती ते गुण देते, अजाणत्या हाती घात करते.

सुमारे १०५० मध्ये अल-बिरुनी गेले. ग्रंथ कच्च्या खर्ड्याच्याच रूपात राहिला. तरी तो टिकला आणि तेराव्या शतकात हिंदुस्थानातच त्याचे फारसी भाषांतर झाले.

आज औषधे पाकिटात येतात, पण नावांचा घोळ संपलेला नाही. एकाच औषधाची अनेक ब्रँडनावे असतात आणि दोन अगदी वेगळ्या औषधांची नावे सारखी वाटतात. म्हणूनच चांगला फार्मासिस्ट किंवा त्याचा मदतनीस पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत पाहतो. चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करतो. अशा वेळी काउंटरवर थांबावे लागले, तर कुरकुर करू नये.

रमजानमध्ये तर हे अधिकच लक्षात ठेवायला हवे. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी सेहरी आणि इफ्तार अशी दोनदाच घेतली तर चालेल का, हे आपल्या मनाने ठरवू नये. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच वेळा आणि मात्रा बदलाव्यात. ऐंशी उलटलेला जगप्रसिद्ध विद्वान एकेक नाव पुन्हा तपासून घेत होता. मग आपल्याला दोन प्रश्न विचारायला कसला कमीपणा?