पीथमपूरच्या स्कूटरवरचं नाव : सोइचिरो होंडा

इंदूरजवळच्या पीथमपूरला एकेकाळी कायनेटिक होंडा स्कूटर बनायची. गिअर नसलेली, बटण दाबलं की सुरू होणारी. ती चालवणाऱ्या कित्येकांना होंडा हे एका माणसाचं आडनाव आहे, हे ठाऊक नसेल.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यात झाला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. शिक्षणात मन रमेना, म्हणून पंधराव्या वर्षी पोरगा टोकियोच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला गेला. पुढे पिस्टन रिंगचा कारखाना काढला. तो युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी आणि १९४५च्या भूकंपाने मोडकळीला आला. उरलंसुरलं साडेचार लाख येनला टोयोटाला विकून ते मोकळे झाले.

१९४६मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटची छोटी इंजिनं त्यांनी सायकलला जोडली. त्यातूनच १९४८ साली होंडा मोटर कंपनी उभी राहिली. यंत्राचं डोकं होंडांचं, पण हिशेबाचं डोकं ताकेओ फुजिसावा यांचं. या जोडीशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

१९५९मध्ये कंपनी अमेरिकेत गेली, ती फक्त विक्रीसाठी. तेव्हा जपानकडे डॉलरची चणचण होती. सरकारने जेमतेम अडीच लाख डॉलर बाहेर न्यायला परवानगी दिली. सुपर कब या छोट्या गाडीने तिथे नाव कमावलं.

खरा जुगार बेल्जियमचा. युरोपच्या सामायिक बाजारात बाहेरच्या मालावर जकात होती. आत कारखाना असेल तर ती लागत नाही, हा साधा हिशेब. १९६३ला तिथे मोपेड बनू लागल्या, आणि पुढे कित्येक वर्षं तोटाच झाला. पण परक्या देशात सुटे भाग कुठून घ्यायचे, कामगारांशी कसं वागायचं, हे कंपनी तिथेच शिकली. ती फी महागच पडली म्हणा!

घरीही सगळं आलबेल नव्हतं. टोयोटा आणि निसान यांनी मोटारींचा बाजार आधीच व्यापला होता. त्यात सरकारी खात्याला मोटार कंपन्यांची गर्दी नको होती. होंडा त्या खात्याशी उघड भांडले आणि १९६३ला त्यांनी आपली चारचाकी बाजारात आणली. पण घरात उशिरा आलेल्याला जागा थोडीच मिळते. टोयोटापेक्षा होंडाला परदेशाची घाई जास्त होती, ती बरीचशी यामुळे.

१९७३मध्ये होंडा आणि फुजिसावा एकत्रच पायउतार झाले. पोराबाळांना कंपनीत न आणण्याचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे अमेरिकेतल्या ओहायोचा निर्णय त्यांच्या वारसदारांचा. जिथे खप, तिथेच कारखाना, हे सूत्र मात्र जुनंच. १९७९ला तिथे ६४ कामगारांनिशी मोटारसायकली सुरू झाल्या, नोव्हेंबर १९८२ला अकॉर्ड मोटार बाहेर पडली. अमेरिकेत बनलेली ती पहिली जपानी मोटार.

वेळ अचूक साधली गेली. १९८१पासून अमेरिकेत जाणाऱ्या जपानी मोटारींवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा आली. ओहायोत बनलेली गाडी त्यात मोजली जात नव्हती. १९८५नंतर येन महागला, जपानहून माल पाठवणं आणखी परवडेना. मग टोयोटासारखे मोठेही त्याच वाटेने आले.

भारतात होंडा १९८४ला आली ती भागीदार घेऊन : मोटारसायकलसाठी हिरो, स्कूटरसाठी पुण्याचे फिरोदिया.

५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडा गेले. तेव्हा पीथमपूरची स्कूटर रस्त्यावर जोरात होती.