सर जॉन चार्न्ले

जॉन चार्न्ले यांचा जन्म सन १९११ मध्ये इंग्लंडातील बरी या गावी झाला. पुढे ते अस्थिशल्यतज्ज्ञ झाले.

खुब्याचा सांधा झिजला, म्हणजे पाऊल टाकणेही असह्य होते. त्या काळचे कृत्रिम सांधे घर्षणाने सैल होत. एका रोग्याचा सांधा तर करकरत असे. म्हणून चार्न्ले यांनी पोलादी गोळ्यासाठी अतिशय गुळगुळीत अशा टेफ्लॉनची वाटी योजिली. सुमारे ३०० रोगी हिंडूफिरू लागले. परंतु थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्यांच्या भुकटीने भोवतालचा भाग बिघडला. गुळगुळीत वस्तू टिकाऊ असतेच असे नाही!

चार्न्ले यांनी आपली चूक लपविली नाही. त्यांनी रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीन यंत्रावर घासून पाहिले. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तितके ते तीन आठवड्यांतही झिजले नाही. इतकेच नव्हे, तर दोन्ही पदार्थांची भुकटी चार्न्ले यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि परिणाम ताडून पाहिला.

१९६२ साली बसविलेली पॉलिथिलीनची वाटी यशस्वी ठरली. १९८२ साली चार्न्ले निवर्तले. त्यांनी दाखविलेल्या वाटेने मात्र लक्षावधी पंगू माणसे चालू लागली.